चाळीस पावलं

मी गवंडी. टेंभुरदऱ्याच्या फाट्यावरचा तो खांब
माझ्या हातचा.
खाली अडीच फूट पाया, वर काळा दगड,
टोकाला पितळी चकती, ती मात्र नांदेडहून आली
जुन्या पेपरात गुंडाळून.

मोजणीचा पोरगा आधी दोन दिवस फिरला
हातातल्या यंत्राकडं बघत बघत
काट्यात, शेणात, एकदा नाल्यात.
मग जंगूबाई मडावीच्या घरात शिरला, बूट न काढता,
चुलीपाशी थांबून म्हणाला, इथं.
इथून जाते रेघ. अठ्ठ्याहत्तर अंश पूर्व.
या ध्रुवापासून त्या ध्रुवापर्यंत.

जंगूबाईनं चुलीत बघितलं.
काटक्या मागं सारल्या, तव्यावरची भाकर उलटली.
"मग जाऊ दे की," म्हणाली, "मी कुठं अडवलीय?"

साहेबांना खांब रस्त्यावरून दिसायला हवा होता.
गाड्या थांबतील, लोक फोटो काढतील.
चुलीपासून फाटा चाळीस पावलं, उगवतीला.
तिथं सरकारी जागा.
तिथं मी सूत धरलं.

ओळंबा खोटं बोलत नाही,
माझा बाप पोशट्टी सांगायचा.
हलणारं शिसं शांत होऊ द्यायचं, तोवर बोलायचं नाही.
त्या दिवशीही ते शांत झालं,
पाताळाकडं बोट करून उभं राहिलं.
पूर्व कुठं, अंश किती, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
खांब सरळ आहे.
एवढंच मी छातीवर हात ठेवून सांगतो.

उद्घाटनाचा नारळ तिसऱ्या फटक्याला फुटला.
'अंश'वरचं टिंब कोरायचं राहून गेलं होतं;
रात्री बॅटरी धरून मीच छिन्नीनं दिलं.

पोरगा जाताना एक सांगून गेला:
देशाच्या घड्याळात बारा वाजतात
तेव्हा इथं बारा व्हायला अठरा मिनिटं बाकी असतात.
सरासरी, म्हणाला.
जंगूबाईची दुपार
अंगणातल्या मेढीची सावली रांजणावर आली की होते,
शाळेची घंटा तोवर वाजून गेलेली असते.
घंटेचं काहीतरी चुकतं, हे ती
माझ्या लग्नाआधीपासून सांगतेय.

आता येतात लोक. एक पाय इकडं, एक तिकडं
टाकून हसतात.
मी लांबून बघतो, बोलत नाही.
मजुरी मिळालीय.

संध्याकाळी कधी तिच्याकडं चहाला टेकलो
तर ती फुंकणी बाजूला ठेवून म्हणते,
"सरक जरा, रेघेवर बसलास."
मी सरकतो.
तिला तिथं लाकूड ठेवायचं असतं.