उणे एकशे अठ्ठावीस

अकुरेयरीत दुपारी साडेतीनलाच अंधार.
स्टेइनव्होरच्या पडद्यावर एकच ओळ अडलेली:
उणे एकशे अठ्ठावीस.

कंपायलर म्हणतो, मावत नाही.
ती म्हणते, मावतं रे.
उणे एकशे अठ्ठावीसपासून अधिक एकशे सत्तावीसपर्यंत
आठ बिटांच्या डब्यात सगळ्यांना जागा आहे,
मीच मोजून ठेवलीय.

मग ती त्याच्यासारखी वाचून बघते,
डावीकडून, एकेका अक्षरावर बोट ठेवून.
आधी एक आडवी रेघ. ती बाजूला.
मग एक, दोन, आठ.
अजून ही संख्या नाही, नुसती तीन अक्षरं.
त्याने त्यांची संख्या केली
आणि लगेच डब्यात कोंबली.
एकशे अठ्ठावीस. एकाने जास्त.
उणेचं चिन्ह दाराबाहेर उभंच,
त्याला कुणी विचारलंच नाही.

घाई, ती पुटपुटते. नुसती घाई.

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरल्या तेव्हा
फाटकाशी तिचा बाप होता, थोरग्रिमुर,
नाकाखाली तपकिरीचा डाग.
धुक्यात काहीतरी हललं.
नातू ओरडला, दोन!
म्हातारा म्हणाला, थांब, कोण ते दिसू दे.
एडके असले तर त्वेइर,
मेंढ्या असल्या तर त्वाइर,
कोकरं असली तर त्वो.

(आपल्याकडे नाही का, दोघे, दोघी, दोन.
आणि तिथेही हे लाड चारापर्यंतच.
पाचापासून पुढे आकडा
कोण आलं ते विचारत नाही.)

तोवर धुक्यात नुसतं दोनपण होतं,
शब्द न मिळालेलं,
आणि म्हातारा तोंड मिटून उभा.

ती अकरा ओळी पुसते.
आता अंक येतील तितके येऊ देते, लांबच लांब,
माप न घेता.
चिन्ह येऊ दे. शेजारी कोण ते कळू दे.
कुठे राहायला जायचंय ते ठरू दे.
मग डबा.
तेव्हाही नाही मावलं, तर तसं तोंडावर सांग.

चाचणी हिरवी होते.
दालविकच्या मासळीच्या शीतगृहात
हा आकडा म्हणजे तुटलेला तापमापक:
इथे वाचण्यासारखं काही नाही.
एवढ्यासाठी तीन दिवस.

घरी निघताना ती बापाला फोन लावते.
गोठ्यात यंदा किती आहेत?

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग तपकीर ओढल्याचा आवाज.
एडके धरून विचारतेस, की सोडून?