ब्याऐंशीला उघडते

जानेवारीत, साक्रीत, सकाळी सातला
पान्यालासुद्धा हात लावावासा वाटत नाही.
भटू बडगुजर आला
दिवाळीत घेतलेली जुनी पिकअप घेऊन,
मागे नंदुरबारची मिरची.
उतरला, दोनदा शिंकला, म्हणाला,
'मिस्तरी, गाडी तापत नही.'

मी हसलो.
या मुलखात लोक येतात ते वाफ घेऊन,
बॉनेट उघडं टाकून, डोक्यावर ओला रुमाल,
मे महिन्याला शिव्या देत.
तापत नाही म्हणजे काय?

म्हणजे काटा झोपलेला.
चढ चढून आला तरी निळ्या रेघेपाशीच.
पंधराचा ॲव्हरेज अकरावर,
पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास,
आणि जाळीपुढे भटूने खोचलेला
बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा,
लेकराच्या छातीला फडकं बांधावं तसा.

आधी संशय काट्यावरच घेतला.
सेन्सरची वायर काढून बॉडीला टेकवली,
काटा उठला तो थेट लाल टोकाला.
बिचारा खरंच सांगत होता.

तेलाचं झाकण उघडलं. आतून साय,
बदामी, चिकट. भटूचा चेहरा उतरला,
'गास्केट गयं का?'
पाणी कमी होतंय? नाही. मग थांब.
गार इंजिनात ओल उडून जात नाही,
तेलातच मुक्काम करते.

दोन चहा होईस्तोवर गाडी थंड होऊ दिली.
मग वरच्या पाइपवर तळहात ठेवला
आणि म्हटलं, मार सेल्फ.

धडधाकट गाडीत हा पाइप बराच वेळ गारच,
आणि मग एकदम हात झटकावा लागतो.
मधे दार असतं. पाणी तापेपर्यंत बंद.
इथे पहिल्या मिनिटापासून कोमट,
दहाव्या मिनिटाला तेवढंच कोमट.

दोन बोल्ट काढले.
आत वॉल्व नव्हता.
बिघडलेला नाही, अडकलेला नाही. नव्हताच.
नुसती गोल खाच, आणि सीलच्या जागी
सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
दर बोटावर दातरा पडलेला.

ती कात्री मला माहीत आहे.
अजून भिंतीवर टांगलेली आहे.
जलील उस्ताद म्हणायचे,
'आपला खान्देशमा इन्हं काय काम? काढी टाक.'
आणि मी, पंधरा वर्षांचा, काढून टाकायचो.
पारा सत्तेचाळीसवर असताना
कोणाला पटेल
की इंजिनालाही ऊब धरून ठेवावी लागते?

बाकाखाली डालड्याचा डबा,
त्यात काढलेले तीस-चाळीस वॉल्व.
भंगारात द्यायला का कोण जाणे जीव झाला नाही.
या मापाचे तीन निघाले.
उखाबाच्या टपरीवर पातेलं रिकामं करून घेतलं
(तो अजून बडबडतोय),
पाणी ठेवलं, एकेक सुतळीला बांधून सोडला.

पहिला उघडाच आला.
दुसरा उकळीतही मिटलेला.
तिसरा गप्प. अंगावर बारीक बुडबुडे,
भोवती पाच-सहा माणसं,
भटू इतका वाकलेला की मफलर पाण्यात.
मग चकती थरथरली, केसभर सरकली,
आणि उघडली, सावकाश,
झोपेतून कोणी पापणी उचलावी तशी.
थर्मामीटर माझ्याकडे नाही.
कडेवर कोरलं होतं: ब्याऐंशी.

अकराला काटा मध्यावर आला आणि थांबला.
भटूने पुठ्ठा उपसला,
पैसे मोजले, शिंकला, गेला.

दुपारी उस्तादांकडे गेलो.
ते अंगणात, उन्हात, दोन स्वेटर.
आता मे महिन्यातही काढत नाहीत म्हणे.
डबा दाखवायचा होता, थोडं भांडायचंही होतं.
त्यांनी माझा हात हातात घेतला,
पाइप चाचपावा तसा, बराच वेळ,
आणि म्हणाले, 'तुन्हा हात तपेल शे रे.'

मी काही बोललो नाही.
हात तसाच राहू दिला,
मिरचीने चुरचुरणारा.