लागू नसेल ते खोडा

ग्वाल्हेरच्या कचेरीत, कडुनिंबाखाली माझं टेबल.
बत्तीस वर्षं. आधी टाईपरायटर, आता प्रिंटर
आणि वीज गेली की कण्हणारी बॅटरी.
शपथपत्रं हिंदीत. हिशोब मराठीत, मनातल्या मनात.
पुण्याची नणंद म्हणते,
तुम्ही ग्वाल्हेरवाले क्रियापदं भाड्यानं आणता.

प्रत्येक फॉर्मवर एक ओळ असते:
पुत्र, पुत्री, पत्नी. मध्ये तिरक्या रेघा.
खाली बारीक अक्षरांत: जे लागू नसेल ते खोडा.
मी खोडत आले.

टेबलाच्या खिळ्याला एक किल्ली आहे.
लहानशी, पण तिला अकरा वर्षं लागली.
तीन वकील बायका, दोघी टायपिस्ट, झाडणारी रामकली,
अर्जावर अर्ज:
आवारात बायकांसाठी एक संडास द्या.
तोवर आम्ही पाणी पीत नव्हतो.
जूनमध्ये, लू वाहत असताना, पाणी पीत नव्हतो.
रामकलीची किडनी गेली.
उत्तर यायचं: विचाराधीन.
मग एक हिरवं दार मिळालं.
आतली कडी मी स्वतः पेचकसानं बसवली.

परवा मुरारहून इरावती आली.
कागदावर आधीचं नाव होतं,
ते तिनं घडी उलगडून दाखवलं, उच्चारलं नाही.
गजकच्या रिकाम्या डब्यात सगळी कागदपत्रं.
सोबत एक विशीतलं पोरगं, अंबर.
"माझं पुत्रही खोडा, पुत्रीही."
मग उरते पत्नी, मी म्हटलं.
तिघंही हसलो. नंतर मी अडले:
शपथ लेता हूँ लिहू, की लेती हूँ?
मराठीतही घेतो-घेते आहेच म्हणा,
पण पोरगं फाटकातून आलं तेव्हा
मनात आपोआप उमटलं होतं, ते आलं.
आमच्यात ते म्हणजे लेकरू,
आणि ते म्हणजे मामंजी, ज्यांच्यासमोर पदर घ्यायचा.
एवढी वर्षं बोलतेय, कधी लक्षात आलं नव्हतं.

छापून होईतो इरावतीनं खिळ्याकडे पाहिलं.
"मावशी, किल्ली मिळेल?
सकाळपासून पाणी प्यायले नाही."

हे वाक्य मला पाठ होतं.

तरी हात लगेच उठला नाही. लिहून ठेवते,
शपथेवर खोटं लिहायची सवय नाही मला.
बाकावर गेंदाबाई होती, ओठाला टाके,
नवऱ्याविरुद्ध तारीख.
कुणी मोठ्यानं खोकलं तरी दचकते.
ती कडी अशीच्यासाठी बसवलेली.
कायद्याच्या पुस्तकात दोघींची कलमं
निमूट शेजारी राहतात.
दाराला किल्ली एकच.

गेंदाबाई इरावतीकडे बघत राहिली, बराच वेळ.
तिला काय दिसलं, मला ठाऊक नाही.
म्हणाली, "मलाही जायचंय. हिच्यानंतर."
मग, "कडी नीट लागते ना?"
इरावती म्हणाली, "मीही तेच विचारणार होते."

दुपारी सरनाईक वकीलबाई भडकल्या.
पहिल्या अर्जावर पहिली सही त्यांची.
"आज ही. उद्या कुणीही कुर्ता घालून येईल, मग?"
त्यांची भीती खोटी नव्हती. इरावतीची तहानही.
मला उत्तर सुचलं नाही. चहा मागवला.
त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला.

संध्याकाळी नवा अर्ज टाईप करायला घेतला:
आवारात आणखी तीन दारं हवीत, आतून कडी असलेली.
कुणासाठी, या रकान्याशी थांबले.
काहीतरी लिहिलं, खोडलं.
कडी असलेली, याखाली मात्र दोनदा रेघ ओढली.

पुन्हा अकरा वर्षं धरली तर मी सत्तरीची होईन.
किल्ली खिळ्याला परत आली होती, जराशी ओली.
मी बाटली उघडली
आणि सगळं पाणी प्यायले.