सिग्नल

रेंज मिळते ती फक्त दगडांच्या ढिगापाशी,
शाळेपासून दीड तास वर,
जिथे मोखोत्लोंगकडून येणारं वारं
बोलणाऱ्याच्या तोंडातला शब्द काढून घेतं.
टॅबलेट खोगिराच्या पिशवीत, घोंगडीत गुंडाळलेला,
गार लागली की बंद पडतो म्हणून.
सातवीची मोलिएही, तिचा धाकटा भाऊ, मी,
आणि हजेरीपटावर नसलेला सेआबाता,
कारण तट्टू त्याच्या मालकाचं.

वाटेवरच्या रिवाजाप्रमाणे
ढिगावर एकेक दगड ठेवला.
पान उघडायला लागलं.
गोल फिरत राहिलं, जात्यासारखं, पीठ काही पडेना.
मग विचारलं:

तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.
ज्या ज्या चौकोनात सिग्नल आहे
ते चौकोन निवडा.

"सिग्नल तर आलाय की, मे. दोन काड्या."
(मे म्हणजे आई, मे म्हणजे बाई.
आमच्याकडे दोघींना एकच शब्द पुरतो.)

नऊ चौकोन, नऊ धुरकट रस्ते.
आमच्या डोंगरात रस्ता म्हणजे
पायांना आठवत असलेली गोष्ट.
मोलिएहीने एक दिव्याचा खांब निवडला,
एक देवळावरचा क्रूस, एक लाल मोटार.
लाल आहे, काहीतरी सांगत असेल, म्हणाली.
चूक. पुन्हा प्रयत्न करा.

मग मी पुढे झाले, मोठी शहाणी.
मासेरूत दोन वर्षं शिकलेय,
भाजीची पिशवी घेऊन त्याच्याखाली उभी राहिलेय.
सांगितलं, तीन डोळ्यांचा खांब असतो,
त्याच्या एका डोळ्याला सगळे भितात.
"पोलिसासारखा?"
"पोलिसाहून जास्त. पोलिसाच्या ओळखी असतात."
नीट बघून निवडले.
एका चौकोनात नुसता खांब होता, डोळे वरच्या चौकोनात.
तो धरायचा की सोडायचा?
सोडला. चूक.
धरला. चूक.
बॅटरी अकरा टक्के.

सेआबाता मागे लगाम धरून उभा,
नाकापर्यंत घोंगडी.
"त्याला म्हणावं मेंढ्या विचार," तो म्हणाला.
"एकशे बारा आहेत माझ्याकडे. तोंडावरून ओळखतो.
अंधारात खोकल्यावरून."

चौथ्यांदा त्याला कीव आली असावी,
किंवा कंटाळा.
आम्ही माणूस ठरलो.
अपूर्णांकाचा पाठ उतरायला लागला,
एकसष्ट टक्के उतरला आणि ढग आला.
खाली येताना मी शिकवतच होते,
एकसष्ट टक्के म्हणजे शंभरातले एकसष्ट,
दात वाजत होते तरी.
"आणि बाकीचे?" धाकट्याने विचारलं.
एकोणचाळीस, मी म्हटलं.
"किती ते नाही. कुठे?"

सकाळी शाळेत आले तर
अंगणात राखेने आखलेले नऊ चौकोन.
प्रत्येकात एक जिवंत मेंढी,
एकेका पोराने कानाला धरलेली.
बाकीची पोरं भोवती, गमबुटांत, कधी नव्हे ती गप्प.
कुंपणाबाहेर, आत न येता, सेआबाता,
काठी हनुवटीखाली.

"ज्या ज्या चौकोनात
हा हिवाळा न काढणारी मेंढी आहे
ते चौकोन निवडा."

मी वाकले. डोळे पाहिले, खूर पाहिले,
फासळ्यांवरून हात फिरवला.
सगळ्या सारख्याच गरम होत्या.
दोन निवडल्या.

त्याने मान हलवली.
"पुन्हा प्रयत्न करा, मे."

घंटेची वेळ टळून गेली होती.
मोलिएही माझ्या कानाशी काही पुटपुटणार,
तर पोरं ओरडली, सांगायचं नाही!
मी पदर खोचावा तशी घोंगडी खोचली
आणि पहिल्या चौकोनापासून
पुन्हा सुरुवात केली.