चावी कोणाकडे असते

पोस्टाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही सहाजण.
मासेरूत जुलै म्हणजे कोटावर कोट.
बँकांचे कागद येतात, आम्ही वाचतो:
कुणी एका दिवसात नऊ वेळा पैसे भरले,
कुणाच्या दुकानातून
गावातल्या शेळ्यांच्या अंगावर नव्हती एवढी लोकर विकली गेली.

फाईल क्रमांक एकशे बारा.
तिच्यातला पैसा सोमवारी नदी ओलांडून गेला,
मंगळवारी त्याने नाव बदललं,
बुधवारी तो एका बेटावर होता,
जिथे त्याच्या कंपनीचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी.
आम्ही बेटाला पत्र लिहिलं. सरकारी, शिक्क्याचं.
अकरा महिन्यांनी उत्तर आलं:
आपण सदस्य नाही, सबब माहिती देता येत नाही.
कळावे.

काहीच कळलं नव्हतं.

न्ताते माखेता म्हणाले, मग होऊ या सदस्य.
पतपेढीत खातं उघडावं तसं म्हणाले.

सोयरिकीला लागतात तसे मध्यस्थ लागले, दोन देश,
आमच्याबद्दल चांगलं बोलणारे, आणि खरंही.
आमचा कायदा त्यांनी भिंग घेऊन वाचला.
‘अहवाल केंद्राला किंवा मंत्रालयाला द्यावा’,
त्या ‘किंवा’वर चौदा महिने गेले.
संसदेला सुट्टी, मग निवडणूक,
मग नवी संसद, तिलाही सुट्टी.

अखेर ते आले. विंडहुकच्या नदापेवा,
आणि सेशेल्सचे तेओफील, पातळ सदऱ्यात.
पुसेलेत्सोने स्वतःचं ब्लँकेट त्यांच्या खांद्यावर टाकलं,
पिन कुठे लावायची ते दाखवलं.
पिन लावून त्यांनी सगळं तपासलं:
सर्व्हरची खोली (आधी तिथे झाडू असत),
कागद फाडायचं यंत्र,
कोण वाचतं, आणि वाचणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतं.

चावी कोणाकडे असते?
पुसेलेत्सोने गळ्यातली दोरी दाखवली.
आणि रात्री?
गळ्यातच.

मग नदापेवांनी पेन खाली ठेवलं.
वरून फोन आला तर?
मंत्र्यांना एखादं नाव हवं असलं तर?

उत्तर आम्ही पाठ केलं होतं, कलम-उपकलमासकट.
हीटर घरघरत होता. न्ताते माखेता खिडकीबाहेर बघत होते.
पुसेलेत्सो म्हणाली, आला होता.
दोन वर्षांपूर्वी. शुक्रवारी, साडेचारला.
मी म्हटलं, चावी साहेबांकडे आहे.
साहेब म्हणाले, चावी पुसेलेत्सोकडे आहे.
सोमवारी पुन्हा फोन आला नाही.
लिहून घ्यायचं तर घ्या.

नदापेवांनी घेतलं. एकच ओळ, पण बराच वेळ.
त्या रात्री आमच्यापैकी कुणी जेवलं नाही नीट.

पुढच्या वर्षी दूरच्या कुठल्याशा शहरातून
न्ताते माखेतांचा फोन आला, आवाज चिरका:
कुणीच हात वर केला नाही.
म्हणजे गेलं?
नाही गं, म्हणजे कुणाची हरकत नाही. इथे तशीच रीत आहे.

आता पडद्यावर एक बंद खिडकी उघडते,
तिच्यात देश एकमेकांशी हळू बोलतात.
बेटाने नवव्या दिवशी उत्तर दिलं.
एकशे बाराच्या खात्यात अकरा डॉलर उरले होते.
पण पुढचा पत्ता होता,
आणि त्याच्या पुढचा.

काल एक पाकीट आलं. साध्या टपालाने, शिक्क्याचं.
आमच्याहून लहान देश, अजून बाहेर उभा.
एक नाव, दोन आडनावं, कृपया कळवावे.
पुसेलेत्सोने नियमाप्रमाणे उत्तर टाइप केलं:
आपण सदस्य नाही, सबब.
‘कळावे’पाशी ती थांबली.
प्रिंट काढली, सही घेतली,
आणि पाकीट चिकटवण्याआधी
खाली, पेनाने, स्वतःच्या अक्षरात लिहिलं:
तुमच्या कायद्यातला ‘किंवा’ आधी शोधा.