अपॉइंटमेंटची वही

चौऱ्याऐंशीच्या मार्चपर्यंत
एल्मथॉर्पच्या आमच्या दवाखान्यात
कुणाचा गुडघा कुणाला लागला तर
'सॉरी, डक' म्हणून हसायचे.
या भागात माणसाला मायेनं बदक म्हणतात.

मग खाण एकच राहिली, गावं दोन झाली.
काही संपावर,
काही जाळी लावलेल्या बसमधून कामावर.
हे आत औषध लिहायचे, बाहेर वही माझ्याकडे.
कुणी सांगितलं नव्हतं, मीच वेळा लावल्या:
संपवाले दहाला, कामावरचे साडेअकराला,
मधे थोडा वेळ तान्ही मुलं आणि गरोदर बायका.
काचा फुटल्या नाहीत आमच्याकडे.
मी भांडण टाळलं की भेट,
हे तेव्हा सुचलं नाही.

डोरीन ॲस्क्यू चर्चच्या हॉलमध्ये
दोनशे माणसांचे बटाटे सोलायची.
अनोळखी पोरांना ताटावर बसवून जेवू घालायची,
आणि सख्ख्या बहिणीला, एनिडला, ओळख देत नव्हती.
इतकी माया नि इतका राग
एकाच पातेल्यात शिजताना मी पाहिलं नव्हतं.
खोटं कशाला बोलू, पाहिलं होतं.
चिपळूणकडच्या आमच्या वाडीत एक घर वाळीत होतं:
पाणी बंद, विस्तव बंद, मयताला खांदा बंद.
इथे म्हणतात, कॉव्हेन्ट्रीला पाठवलं.
मी नकाशात पाहिलं. साठेक मैल.
एनिडचं घर डोरीनच्या भिंतीला भिंत लावून.

फेब्रुवारीत, रात्री पावणेतीनला, बेल.
डोरीन. अंगात नवऱ्याचा कोट, बर्फात सपाता.
"चौदा नंबरात पोरगं निळं पडतंय."
नाव नाही घेतलं.
हे बॅग घेऊन धावले, ती मागच्या गल्लीनं गेली.
वहीत वेळ लिहिली, पत्ता लिहिला,
'कुणी कळवलं' या रकान्यात
पेन बराच वेळ धरून
रेघ ओढली.

खाणीच्या जागी आता पार्सलचं गोदाम आहे.
डोरीनच्या अंत्यविधीला बाकं अजून दोन बाजूंची.
एनिड आली नाही. तिचा मुलगा आला,
पन्नाशीचा, खिशात इन्हेलर,
मागे उभा राहिला, शेवटी माझ्याजवळ आला:
"त्या रात्री तुम्हाला कुणी बोलावलं होतं?
आई म्हणते, कुणीच नाही,
डॉक्टर असेच आले."

वही माळ्यावर आहे.
मी म्हटलं, शोधून सांगते.