रस्सा अनलिमिटेड

पाटीवर अजून तसंच लिहिलेलं आहे:
बुधवार-रविवार चिकन, दोन पीस, रस्सा अनलिमिटेड.
पुसलं नाही मी. पोरं गेली.
परीक्षा झाली त्या संध्याकाळीच
गाद्या गुंडाळून खाडगाव रोड रिकामा झाला,
झेरॉक्सवाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलं,
आणि माझ्या मेसमध्ये बेचाळीस ताटं
पालथी, एकावर एक.

एक राहिला. गंगाप्रसाद, कंधारचा.
तिसऱ्यांदा दिली त्यानं.
पेपर कसा गेला, मी विचारलं नाही.
काल म्हणाला, काकू, उद्या मी करू का?
मामाचा गाडा आहे आमच्या स्टँडवर, चायनीजचा,
सातवीपासून सुट्टीत मी तिथंच.

गंजगोलाईत जाऊन आला.
काळ्या सॉसची बाटली, सिरका, कॉर्नफ्लॉवर,
दोन ढोबळ्या मिरच्या, पातीच्या कांद्याची जुडी
आणि अर्धा किलो चिकन, बिनहाडाचं.
हाड नाही तर रस्स्याला चव कुठून यायची रे?
तो म्हणाला, रस्साच नाही, काकू.

रस्साच नाही!
वीस वर्षं मी रस्स्यावर संसार केला.
खोबरं भाजलं, कांदा जाळला, येसूर कालवला,
चार किलो चिकन बेचाळीस जणांत फिरवलं
आणि कमी पडलं की तांब्याभर आधण.
टँकर आला नाही त्या उन्हाळ्यात
मी अंगावरचं पाणी तोडलं, रस्स्याचं नाही.
पोरं भाकरी कुस्करायची, वरपायची,
पीस ताटाच्या कडेला ठेवायची, शेवटासाठी.
कुणाला मोठा गेला, कुणाला मान आली,
रस्सा सगळं झाकायचा.

हा ओट्याशी उभा राहून चिरायलाय.
बोटाएवढे तुकडे, पातळ, धाग्याला आडवे.
नीट चीर रे, म्हणलं, बोट जाईल.
आणि "नीट" म्हणल्यावर दोघंही गप्प.
मग आधी तोच हसला.

अंड्याचा पांढरा, चमचाभर पीठ, मिरपूड, सॉस,
चोळून झाकून ठेवलं.
माझी लोखंडी कढई मोठ्या शेगडीवर चढवली.
तेल धुरावलं तरी टाकेना.
अरे, जळंल!
थांबा, म्हणाला. टाकलं ते मूठभरच.
सगळं एकदम टाक की, गॅस वाया जायलाय.
नाही काकू, गर्दी केली की पाणी सुटतं.
मग ते भाजत नाही, नुसतं उकडतं.

वरच्या खोलीत सहा खाटा होत्या, दहा बाय दहात.
भाडं मीच घ्यायचे.
बोलले नाही काही. लसूण सोलून दिला.

फोन वाजला. आबा, असं दिसलं काचेवर.
घे की.
मोठ्या आचेवर सोडून जाता येत नाही, काकू.
लसूण, आलं, मिरच्या, खणखण झारा,
कढई उचलून उडवायचा, परत झेलायचा,
सतरा-अठराचं पोर, आणि मनगट बघा,
एक तुकडा खाली पडला नाही.
तीन वर्षांत त्याला एवढं ताठ उभं राहिलेलं
मी पाहिलं नव्हतं.
फोन वाजून थांबला. परत वाजला.

चिकन परत कढईत, सिरक्याचा एक फणकारा,
आणि माझा हात आपोआप तांब्याकडे.
त्यानं मनगट धरलं.
काकू, नको.

दोन ताटं सुलटी केली.
कोरडं, चकचकीत, तुकडा न् तुकडा उघडा,
मोजता येईल असं.
भाकरीशी जमत नाही ते, खरं सांगते.
ओठ खारटले. तरी मी परत घेतलं,
आणि त्याच्या ताटात वाढताना
सवयीनं दोनवर थांबलेला हात
पुढं रेटावा लागला.

मग तो जिन्यावर जाऊन बसला, फोन घेऊन.
मी कढई घासायला घेतली,
नळ बारीक सोडून, म्हणजे ऐकू येईल.
बराच वेळ नुसतं हं, हं.
मग म्हणाला,
जेवलो, आबा.
चिकन.
नाही, रस्सा नव्हता.